प्राध्यापकी सोडून पाद्री झालेला फिजिसिस्ट (आणि माझा एक विद्यार्थी)

लंबक

मंडळी, इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज लिहायला कारण घडलंय. मी मुंबईत एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. एमएस्सी पार्ट टूचा एक मुलगा आहे, वसईकडचा, हुशार, हाताने काम करणारा (हे हल्ली दुर्मिळ). गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकल संपल्यावर सीआरओची (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) प्रोब गुंडाळत गुंडाळत मला म्हणतो, "सर, पीएचडीचे फॉर्म नाही भरणार मी. सेमिनरीत जायचंय." मी म्हणलं जा की, कुठेय सेमिनार? तो हसला. "सेमिनार नाही सर, सेमिनरी. फादर व्हायचंय."

दोन दिवसांनी वडलांचा फोन. सर तुम्ही समजवा त्याला, आमचा देवाला विरोध नाही हो पण एवढं शिकून मग... असं. आता मी काय समजावणार, मी स्वतः गणपतीत आरतीला टाळ वाजवण्यापुरता धार्मिक. पण मला जॉन पोल्किंगहॉर्न आठवला. त्याच्याबद्दल मुलाला सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की आपलं आपल्यालाच नीट ठरवता येत नाहीये की या माणसाने केलं ते बरोबर का कसं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जन्म १९३०, इंग्लंड, वेस्टन-सुपर-मेअर नावाचं समुद्रकाठचं गाव, वडील पोस्टात. केंब्रिजला ट्रिनिटीत गणित, क्वांटम मेकॅनिक्स साक्षात डिरॅककडून (ते शास्त्र घडवणाऱ्यांपैकी एक) शिकला, १९५५ ला पीएचडी आणि गाइड कोण तर अब्दुस सलाम. मग अमेरिकेत कॅलटेकला गेल-मान या बड्या कण-भौतिकीवाल्याकडे, मग दोन वर्षं एडिंबरा, परत केंब्रिज. १९६८ ला मॅथेमॅटिकल फिजिक्सचा प्रोफेसर, १९७४ ला रॉयल सोसायटीचा फेलो. कण एकमेकांवर आपटल्यावर काय होतं त्याचं गणित हा त्याचा प्रांत. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पोरगा पूर्ण सेटल.

आणि १९७९ मध्ये पन्नाशीला टेकलेला असताना राजीनामा. वेस्टकॉट हाउस म्हणून केंब्रिजमध्येच अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची) सेमिनरी आहे तिथे विद्यार्थी म्हणून ॲडमिशन, आपल्या पोरांच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर. १९८२ ला प्रीस्ट. मग ब्रिस्टलच्या कामगार वस्तीत क्युरेट म्हणजे चर्चमधला उमेदवार म्हणा, मग केंटमध्ये ब्लीन नावाच्या खेड्यात व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू. त्या चर्चचं नावही गंमतीशीर, संत कॉस्मस आणि संत डेमियन, दोघं डॉक्टर होते म्हणे. १९८६ ला परत केंब्रिज, ट्रिनिटी हॉलचा डीन, १९८९ ते ९६ क्वीन्स कॉलेजचा प्रेसिडेंट, आणि या सगळ्यात विज्ञान आणि ख्रिस्ती ईशज्ञान (हा शब्द बरोबर आहे का? थिऑलॉजी म्हणायचंय) यावर ढीगभर पुस्तकं. १९९७ ला नाइटहुड, पण पाद्री असल्यामुळे 'सर' लावता येत नाही, रिवाज तसा आहे. २०२१ मध्ये गेला, ९० वर्षांचा होऊन.

लोक याला 'साक्षात्कार झाला आणि सोडलं' अशी स्टोरी करतात. तसं काही नाही, हा लहानपणापासून चर्चला जाणाराच होता. त्याचं म्हणणं एवढंच की गणिती फिजिक्समध्ये माणसाचं चांगलं काम तरुणपणी होतं, माझं जे काय व्हायचं ते झालं, आता दुसरं. मला हे जास्त आवडतं आणि याचीच जास्त भीतीही वाटते.

प्रश्न असा की त्याने फिजिक्स सोडलं, का बरोबर घेऊन गेला?

टवाळ_कार्टा_२

सेमिनार/सेमिनरी 😀 सर तुम्ही ड्युटी लीव्हचा फॉर्म पण दिला असणार त्याला

पापडीचा_पोरगा

लंबक सर, आधी एक. 'पाद्री' लिहू नका हो. चूक नाहीये शब्द, पण आमच्या कानाला तो दुसऱ्या कोणीतरी लांबून आपल्याकडे बघत म्हणल्यासारखा लागतो. फादर म्हणा, धर्मगुरू म्हणा. आणि दीक्षा झाली की आम्ही गुरुदीक्षा म्हणतो, तेव्हा गावात मांडव पडतो, बँड येतो, लग्नापेक्षा जास्त माणूस जेवतं. वडील विरोध करतायत म्हणजे खरं तर ते मांडवाचा खर्च मोजतायत असं समजू नका, एकुलता एक असेल तर कॅथलिकांत प्रश्न वेगळा आहे. पोल्किंगहॉर्नला बायको होती, तीन मुलं होती, अँग्लिकनांत चालतं. आमच्या फादरला लग्न नाही. तुमच्या विद्यार्थ्याने पीएचडी सोडली हे दुःख तुमचं, वडलांचं दुःख नातवंडांचं आहे. हे दोन वेगळे फोन आहेत.

बाकी कॅथलिक आणि फिजिक्स म्हणलं की आमचा माणूस लमेत्र. जॉर्ज लमेत्र, बेल्जियन. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता, १९२३ ला फादर झाला, मग केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनकडे, मग अमेरिकेत, आणि १९२७ मध्ये विश्व पसरतंय हे लिहून मोकळा, हबलच्या दोन वर्षं आधी. आइन्स्टाइन त्याला म्हणाला होता गणित ठीक पण फिजिक्स भयंकर. १९३१ ला 'आदिअणू' म्हणजे आज आपण बिग बँग म्हणतो त्याचं बीज. तर १९५१ मध्ये पोप बारावे पायस भाषणात जवळपास असं बोलून गेले की बघा विज्ञानानेच उत्पत्तीचा क्षण सिद्ध केला. कुठलाही फादर खूष झाला असता. लमेत्र वैतागला! रोमला जाऊन खटपट केली, पोपनी परत तो सूर लावला नाही. उद्या थिअरी बदलली तर देव पण बदलायचा का, असा त्याचा रोख. विज्ञान आणि धर्म यांच्यात त्याने पूल बांधलाच नाही, दोन्ही काठांवर राहिला.

मायनस_नोबेल

(जर्मनीत पोस्टडॉक, कण-भौतिकी, त्यामुळे पूर्वग्रह आहेतच.)

लंबक, थोडं थंड पाणी ओततो. पोल्किंगहॉर्नचं मुख्य काम म्हणजे एस-मॅट्रिक्स. १९६६ चं ते प्रसिद्ध पुस्तक, ईडन, लँडशॉफ, ऑलिव्ह आणि हा, चौघांचं. कल्पना अशी होती की कणांच्या आत काय आहे विचारू नका, आत जाणारं आणि बाहेर येणारं यांचं नातं गणिताने बांधा आणि त्यातूनच सगळं निघेल. साठच्या दशकात जोरात होतं. मग १९७३ ला प्रोटॉनच्या आतले जे कण, क्वार्क, त्यांच्या मधलं बल कसं वागतं ते कळलं, ७४ ला चार्म क्वार्क सापडला, आणि तो सगळा कार्यक्रम बाजूला पडला. म्हणजे साहेब १९७९ ला निघाले तेव्हा दुकान अर्धं बंदच झालेलं. 'माझं काम झालं' हे खरं आहे, फक्त त्यातलं थोडं काळाने केलं होतं.

हे हिणवायला नाही म्हणत. सहलेखक ऑलिव्ह तेच गणित घेऊन स्ट्रिंग थिअरीत गेला आणि मोठा झाला. एक चर्चमध्ये गेला, एक दहा मितींत. कोण जास्त श्रद्धाळू ते तुम्ही ठरवा.

लंबक

@पापडीचा_पोरगा, पाद्रीबद्दल माफी, शीर्षक बदलता येत नाहीये. मजकुरात जपतो. नातवंडांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

@मायनस_नोबेल, मान्य, पण अर्धं. सत्तरच्या दशकात तो लँडशॉफबरोबर प्रोटॉनच्या आतल्या कणांच्या मॉडेलवर काम करत होता, म्हणजे वारं कळत नव्हतं असं नाही. आणि दुकान बंद होताना बहुतेक जण शटर अर्धं खाली ओढून आत बसून राहतात, पेन्शनपर्यंत. मी रोज बघतो. मीही बसलोय.

मला त्याचं एक उदाहरण फार आवडतं ते सांगतो. किटलीत पाणी का उकळतंय? एक उत्तर, खाली गॅस जळतोय, उष्णता पाण्यात जातेय. दुसरं उत्तर, मला चहा हवाय. दोन्ही खरी, एकाने दुसरं खोडलं जात नाही. मी हे वर्गात सांगितलं तर मागून आवाज आला, "सर तिसरं उत्तर, पाहुणे आलेत आणि आईने आधण ठेवायला सांगितलंय."

मायनस_नोबेल

किटली गोड आहे पण गळकी आहे. तुम्हाला चहा हवाय हे मला तपासता येतं, तुम्हाला विचारून. विश्वाच्या बाबतीत विचारायचं कोणाला?

पाळकाची_लेक

त्यालाच आमच्याकडे प्रार्थना म्हणतात.

मायनस_नोबेल

उत्तर आलं की कळवा :) (दिवा घ्या, म्हणजे हलकं घ्या)

पाळकाची_लेक

घेतला. आता मोठं लिहिते, कारण तुम्ही सगळे पुस्तकांबद्दलच बोलताय आणि मधली चार-पाच वर्षं एका ओळीत उडवताय.

माझे वडील नगर जिल्ह्यात पाळक होते (आमच्यात फादर नाही, पाळक किंवा रेव्हरंड, पापडीच्या पोरा, तुझ्यासारखंच आम्हालाही पाद्री टोचतं). चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे अँग्लिकन वारसा ज्यात मिसळलाय तीच मंडळी. पाळकाचं काम म्हणजे काय ते मी जवळून बघितलंय. रविवारचा उपदेश हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. बाकी आठवडा म्हणजे सायकलवरून घरोघर. कोणाच्या घरी पीत असलेला नवरा, कोणाची बाई सरकारी दवाखान्यात, कोणाला अंत्यविधीला माणसं नाहीत. पप्पांच्या बुटाची टाच नेहमी डाव्या बाजूने झिजलेली असायची कारण ते उतरताना त्याच पायावर भार देऊन सायकल थांबवायचे. ब्रेक दुरुस्त करायला पैसे असायचे, वेळ नसायचा.

तर केंब्रिजचा प्रोफेसर ब्रिस्टलच्या कामगार वस्तीत जाऊन हे करतो, मोठ्या साहेबाच्या हाताखाली, हे मला त्याच्या सगळ्या नाइटहुडपेक्षा मोठं वाटतं. ज्याचं म्हणणं चाळीस लोक खुर्चीत बसून टिपून घ्यायचे तो दारावर टकटक करतो आणि आतून आवाज येतो आत्ता नको.

पण मग दुसरी बाजूही लिहिते. तो १९८६ ला परत केंब्रिजलाच गेला की! म्हणजे खेड्यात दोन वर्षं. पप्पा चौतीस वर्षं होते. पूल दोन्ही बाजूंनी वापरायचा असतो हे ठीक, पण त्याचं घर शेवटी कुठल्या काठावर होतं ते दिसतं.

लंबक

ताई, टाचेचं वाचून थोडा वेळ थांबलो. मला वाटतं तुम्ही बरोबर आहात. त्याच्या बाजूने एवढंच म्हणेन की व्हिकर असताना त्याच्या लक्षात आलं असणार की आपल्याला जे येतं ते करणारे दुसरे फार नाहीत. पण हो, परत जाणं सोपं होतं त्याला. माझ्या विद्यार्थ्याला नसेल.

हिशेबनीस

पैशाचं कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, माझं कामच ते. या सगळ्या 'विज्ञान आणि धर्म' मंडळींमागे टेंपलटन पारितोषिक आहे. जॉन टेंपलटन हा गुंतवणूकवाला, त्याने मुद्दाम नियम केला की बक्षिसाची रक्कम नोबेलपेक्षा जास्त ठेवायची. १९९९ ला इयन बार्बर, तोही फिजिक्सवाला, शिकागोहून पीएचडी आणि मग येलला थिऑलॉजी. २००१ ला आर्थर पीकॉक, बायोकेमिस्ट आणि धर्मगुरू. २००२ ला तुमचा पोल्किंगहॉर्न. बार्बरने बहुतेक सगळी रक्कम बर्कलीतल्या याच विषयाच्या केंद्राला देऊन टाकली हे मात्र त्याला शोभलं.

आता तुम्हाला गंमत सांगतो, हे पारितोषिक मराठी माणसाला परकं नाही. १९९० ला बाबा आमटेंना (एका ऑस्ट्रेलियन जीवशास्त्रज्ञाबरोबर विभागून) आणि १९९७ ला पांडुरंगशास्त्री आठवल्यांना. आनंदवन, स्वाध्याय, आणि क्वांटमवाला व्हिकर, तिघं एका यादीत. माझं मत: पैसा आला की विषय तयार होतो. मग त्या विषयात करिअर तयार होतं. उलटं नाही.

पापडीचा_पोरगा

हिशेबनीस, लमेत्रला कोणी पैसे दिले होते?

हिशेबनीस

तोफखान्याने :) नाही, मान्य, तो अपवाद.

मायनस_नोबेल

पैशापेक्षा माझा आक्षेप युक्तिवादावर आहे. पोल्किंगहॉर्नला देव जगात हात घालतो असं दाखवायचंय पण चमत्काराने नियम मोडायचे नाहीत. मग तो केऑसकडे गेला. हवामानासारख्या व्यवस्था इतक्या नाजूक असतात की भाकीत करता येत नाही, तर कदाचित त्या खऱ्याच खुल्या असतील, आणि देव तिथे ऊर्जा न घालता नुसती 'माहिती' घालत असेल. अडचण अशी की केऑसची समीकरणं शंभर टक्के ठरलेली असतात. भाकीत करता न येणं हा आपला दुबळेपणा, निसर्गाचा खुलेपणा नाही. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही, तो म्हणायचा की आपल्याला जे कळतं त्यावरूनच काय आहे ते ओळखायचं, फिजिसिस्ट तसंच करतात. बायकोने त्याला हे वाक्य छापलेला स्वेटशर्ट दिला होता म्हणे. स्वेटशर्टवर मावतं, पेपरात मावत नाही.

आणि दुसरं ते प्रकाश कण-पण-लहर-पण, तसा ख्रिस्त मानव-पण-देव-पण. अहो पण प्रकाशाचा गोंधळ क्वांटम फील्ड थिअरीने सोडवला, आकडे दिले, ते प्रयोगाशी जुळले. इसवी सन ४५१ ला खाल्किदोनच्या धर्मसभेने 'दोन्ही' असं ठरवलं, आकडा कुठेय?

लंबक

केऑसवर मी तुमच्याच बाजूला, ती त्याची सगळ्यात कच्ची जागा. खाल्किदोनवर नाही. तो असं म्हणत नाही की पुरावा सारखा आहे, तो म्हणतो की सवय सारखी आहे. १९०० ते १९२५ पंचवीस वर्षं फिजिक्सवाले दोन विसंगत गोष्टी हातात धरून बसले, एकही टाकली नाही, कारण दोन्हीला पुरावा होता. सोपं उत्तर मिळावं म्हणून अनुभव फेकून द्यायचा नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी तेच केलं असं त्याचं म्हणणं. खालून वर विचार करायचा, आधी घडलेलं, मग सिद्धांत. आता घडलेलं खरंच घडलं का, हा वेगळा प्रश्न आणि तिथे तुमचा-माझा आणि त्याचा रस्ता फुटतो.

माई_सातारकर

मी विज्ञानातली नाही. पण लंबक, या माणसाने दुःखाबद्दल काय म्हटलंय? ते सांगितल्याशिवाय बाकीचं कशाला.

लंबक

माई, म्हटलंय. थोडक्यात असं, देवाने जग स्वतःचं स्वतः घडू शकेल असं केलं, म्हणजे हात मागे घेतला. पेशींमध्ये बदल होऊ शकतो म्हणूनच उत्क्रांती झाली, आपण झालो. आणि त्याच बदलामुळे कॅन्सर होतो. एक ठेवून दुसरा काढता येत नाही.

माई_सातारकर

माझ्या धाकट्या बहिणीला शेवटचे सात महिने मी बघितलं. तिला हे कोणी सांगितलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं, ती सोशिक होती. मी नसतं ऐकलं. पण देवाने मुद्दाम दिलं, पूर्वजन्मीचं आहे, असं म्हणणारे नातेवाईक येऊन गेले त्यांच्यापेक्षा हा माणूस बरा. एवढंच.

पाळकाची_लेक

माई 🙏 पप्पा अशा घरी गेले की काही बोलायचे नाहीत. बसायचे.

चहाबाज

उशिरा आलो, सलामचा मुद्दा कोणीच उचलला नाही म्हणून लिहितो. ज्या १९७९ मध्ये शिष्याने फिजिक्स सोडलं त्याच वर्षी गुरूला नोबेल! सलाम अहमदिया, नमाजी माणूस, स्टॉकहोमला फेटा बांधून गेला आणि मेजवानीच्या भाषणात कुराणातली वचनं म्हटली. ज्या देशासाठी हे सगळं, त्या पाकिस्तानने १९७४ मध्येच त्याच्या पंथाला मुसलमान नाहीत म्हणून जाहीर करून टाकलेलं. आणि नोबेल कोणाबरोबर विभागून, तर ग्लॅशो आणि वाइनबर्ग. वाइनबर्ग पक्का नास्तिक. एकाच थिअरीपर्यंत एक नमाज पढत पोचला, एक देवाला हसत, समीकरण तेच. मग तुमच्या त्या पुलाखालून पाणी तरी वाहतंय का?

मायनस_नोबेल

+१००. हाच माझा मुद्दा, मला एवढा छान मांडता आला नव्हता.

पापडीचा_पोरगा

उलट मला यातून वाटतं की मग मुलाला दोन्ही करायला अडवायचं कशाला, समीकरणाला फरक पडत नाही ना?

लंबक सर, वडलांना एक नाव सांगा. फादर रिचर्ड डिसूझा, गोवा प्रांताचे जेसुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ). मुंबईच्या झेवियर्समध्ये फिजिक्स, मग हायडलबर्ग, म्युनिकहून पीएचडी. २०१८ मध्ये सहकाऱ्याबरोबर पेपर, की आपल्या शेजारच्या देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेने साधारण दोन अब्ज वर्षांपूर्वी एक भलीमोठी दीर्घिका गिळली. सप्टेंबर २०२५ पासून ते व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक आहेत. म्हणजे आधी संघात, मग पीएचडी, असंही होतं. फक्त जेसुइटांत शिक्षण लांबलचक असतं, दहा-बारा वर्षं सहज, आणि काय शिकायचं ते शेवटी वरिष्ठ ठरवतात, ते त्याला आधीच कळलेलं बरं.

लंबक

अपडेट. काल मुलाशी बसलो, कॅन्टीनमध्ये. वडलांना डिसूझांचं सांगितलं होतं, ते म्हणाले फोटो पाठवा. पाठवला. दुर्बिणीशेजारी उभे आहेत तो. त्यावर फक्त 'ठीक' आलंय.

मुलाला हा सगळा धागा वाचायला दिला. त्याने शांतपणे वाचला, माईंचा प्रतिसाद दोनदा वर घेऊन बघितला. मग म्हणाला, "सर, हा पोल्किंगहॉर्न पन्नाशीला सेमिनरीत गेला. त्याच्याकडे सोडायला काहीतरी होतं. माझ्याकडे काय आहे, एक एमएस्सी, तीही अर्धी." मी म्हणलं मग आधी मिळव, मग सोड. तो म्हणाला तेव्हा सोडवणार नाही. याच्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर लिहा.

त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट २० तारखेला द्यायचाय. ग्राफ काढलेत सुंदर पण एकावरही एरर बार (मोजणीत किती चूक असू शकते ते दाखवणारी रेघ) नाही. म्हणे सर, फादर झाल्यावर कोण विचारणार. ते मात्र मी ऐकणार नाही, परत पाठवलाय.

टवाळ_कार्टा_२

सर पोल्किंगहॉर्नच्या पुस्तकांत पण एरर बार नाहीत असं मायनस_नोबेल मगाचपासून सांगतायत

मायनस_नोबेल

मी एवढं स्पष्ट म्हणलं नव्हतं. पण हो.